हुंकाराची जागा

१

माधवनगरात बुधवारी वीज नसायची. वीज नाही म्हणून माग बंद, आणि माग बंद म्हणून मी मोकळा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चार यंत्रमाग होते. एरवी त्यांच्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाच्या कानाशी ओरडावं लागायचं. बुधवारी दुपारी मात्र तिथं इतकं शांत असायचं की पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू यायची. त्या शांततेत मी कथा सांगायचो.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. गावोगाव गणपतीत, यात्रेत पुन्हा कार्यक्रम होऊ लागले होते आणि कथाकथनाचं तर वेडच लागलं होतं लोकांना. मलाही वाटलं, आपण लिहितो, आपणही सांगू. मी महावीर चौगुले, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, वडिलांच्या मागं माग सांभाळणारा. माझ्या कथा मीच रचायचो आणि त्या ऐकायला कोणी थांबायचं नाही. वाईला घाटावर सांगितली तेव्हा समोर एक लांबलचक सतरंजी होती आणि सतरंजीवर एक कुत्रं होतं. तेही शेवटपर्यंत बसलं नाही. तासगावला माइकवाल्यानं मधेच सनईची तबकडी लावली आणि मंडळाच्या अध्यक्षांनी मला चहा पाजून वाटेला लावलं. आता मी हे हसत लिहितो आहे, पण तेव्हा हसू येत नसे. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी स्वतःला विचारायचो, हे सगळं कशासाठी चाललंय, आणि उत्तर सापडायच्या आत सांगली यायची.

शेवटी मी पद्मावतीला, माझ्या बायकोला, सांगून टाकलं. पुढच्या गणपतीपर्यंत कोणी मन लावून ऐकणारं भेटलं तर ठीक. नाहीतर कथा बंद. माग बरा आणि आपण बरे.

“आवं, मी ऐकती की,” ती म्हणाली. “मी काय माणसात न्हाई व्हय?”

ऐकायची हे खरं. आमच्याकडे गोष्ट सांगायची एक रीत आहे. सांगणाऱ्यानं दोन-तीन वाक्यं सांगून थांबायचं, ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं, मगच पुढं जायचं. हुंकार आला नाही तर पोरं झोपली असं समजून म्हातारी माणसं गोष्ट तिथंच टाकून उठायची. मीही माझ्या कथा त्याच चालीवर बांधल्या होत्या. बुधवारी पद्मावती शेडमध्ये सुताच्या कांड्यांचं एक खोकं पालथं घालून त्यावर बसायची, मांडीवरच्या सुपात ज्वारी निवडायची आणि जिथल्या तिथं ‘हं’ म्हणायची. तेवढ्यावर माझं भागायचं.

मग तिची आई आजारी पडली आणि ती माहेरी शेडबाळला गेली. बुधवार आला. मी एकटाच शेडमध्ये गेलो आणि सवयीनं सांगू लागलो. दोन वाक्यं झाली की थांबायचो. समोर खोकं मोकळं, तरी थांबायचो. हुंकाराची जागा सोडायची आणि मग पुढं जायचं. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

२

त्या दिवसांत मी एक नवी कथा बसवत होतो. एक शिपाई कितीतरी वर्षांनी रजेवर घरी येतो. संध्याकाळची वेळ आहे. तो वेशीतून आत येतो, ओळखीच्या बोळातून चालत जातो, दारापुढं उभा राहतो आणि कडी वाजवतो. आई आतून विचारते, कोण आहे. तो म्हणतो, मी. मग आई दार उघडते आणि त्याच्या गळ्यात पडून रडते. एवढीच गोष्ट.

“वेशीतल्या पिंपळाखाली त्यानं ट्रंक खाली ठेवली,” मी म्हणालो, “आणि क्षणभर त्याला वाटलं की आपण भलत्याच गावात आलो.” इथं मी थांबलो.

“हं.”

आवाज अगदी हलका होता. तोंड न उघडता म्हणतात तसा. मी पुढचं वाक्य बोलूनही टाकलं होतं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की पद्मावती इथं नाही.

मी शेडभर फिरलो. मागांच्या खाली वाकून बघितलं, दाराबाहेर बघितलं. बाहेर ऊन होतं आणि शेजारच्या साळूबाईंनी वाळत घातलेली मिरची होती. पत्रा तापला की कुरकुरतो. पारवे आढ्याला बसून घुमतात. मागाचा पट्टा सैल पडला की कधीकधी आपोआप हलतो. अशी तीन कारणं मी मनाशी मांडली आणि त्यातलं पारव्यांचं कारण मला पटलं. पारवे त्या दिवशी आढ्याला नव्हते, पण उडून गेले असतील.

मग मी परत उभा राहिलो आणि कथा पहिल्यापासून सांगितली. का सांगितली, तर तो हुंकार पुन्हा येतो का ते बघायचं होतं, असं मी स्वतःला बजावलं. खरं कारण वेगळं होतं. तो हुंकार बरोबर जागी आला होता. ज्या शब्दावर ऐकणाऱ्याला आत ओढून घ्यायचं असं मी लिहिताना योजलं होतं, नेमक्या त्या शब्दानंतर. घाटावर, तासगावात, कुठंच कुणाला माझ्या अशा जागा कळल्या नव्हत्या.

पुन्हा आला. त्याच ठिकाणी, आणि पुढच्याही.

मला घाम फुटला, आणि लपवत नाही, मला आनंदही झाला.

३

मागाच्या शेडमध्ये कापसाची धूळ असते. बारीक पांढरी, सगळीकडे बसते. मागांवर, दिव्याच्या तारेवर, कामगारांच्या भुवयांवर. दोन दिवस झाडलं नाही तर फरशीवर जाड थर होतो. दुसऱ्या बुधवारी मी बघितलं तर त्या पालथ्या खोक्यावर धूळ नव्हती. खोक्याच्या कडांना होती, मधे नव्हती. मधली जागा माणूस बसल्यावर झाकली जाईल एवढी, पॉलिश केल्यासारखी स्वच्छ.

कामगार दुपारी भाकरी खायला बसत असतील तिथं, असं मी म्हटलं. विचारलं मात्र नाही. ते नाही म्हणाले असते तर मग मी काय करणार होतो?

आणि मला विचारायला वेळही नव्हता, कारण काम चाललं होतं. ते काम कसं चालायचं ते सांगतो. मी वाक्य म्हणायचो आणि थांबायचो. वाक्य चांगलं असेल तर ‘हं’ यायचं. पडेल असेल तर काहीच यायचं नाही. मग मी ते बदलायचो. एखादा शब्द काढायचो, दुसरा घालायचो, पुन्हा म्हणायचो. ‘हं’ येईपर्यंत पुढं जायचो नाही. पिंपळाचं मी फार नटवून लिहिलं होतं, ते सगळं गळालं. शिपायाचं लांबलचक स्वगत होतं, तेही गळालं. बोळातल्या एका दारात जळणारी चूल आणि तिथली न ओळखणारी बाई, एवढंच राहिलं, आणि ते सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी लोकांना दोष देत होतो. लोक उठून जात होते ते बरोबरच होतं, हे मला त्या शेडमध्ये कळलं, आणि ते कळवणारं कोण होतं हे मी विचारत नव्हतो.

फक्त शेवट बसेना. “आईनं दार उघडलं,” मी म्हणायचो आणि थांबायचो. शांत. “आईनं कंदील वर धरला.” शांत. “आई रडू लागली.” पत्र्यावर कावळा चालायचा, तेवढंच. मी तो शेवट किती तऱ्हांनी म्हणून बघितला असेन, त्याची गणती नाही. मला पहिल्यांदा नकोसं वाटलं ते तिथं. कारण मी गप्प उभा राहिलो होतो, काही बोललोच नव्हतो, आणि तरी ते थांबून आहे हे मला जाणवत होतं.

४

केरबा हवालदार लष्करातून निवृत्त होऊन सूतगिरणीच्या फाटकावर पहाऱ्याला होता. मूळचा कोरेगावच्या बाजूचा. माझे आजवरचे बहुतेक कार्यक्रम त्यानंच ओळखीपाळखीवर जमवले होते आणि ते पडल्यावर माझ्याइतकाच तोही ओशाळायचा. एका बुधवारी मी जेवायला घरात आलो होतो, तेवढ्यात तो शेडच्या बाजूनं आला.

“काय रं महावीरा, आत कोन बसवलायस?” त्यानं चपला काढता काढता विचारलं.

“कुठं आत?”

“शेडात. मला वाटलं तूच हाईस. म्हटलं, गड्या, आमची म्हस काल व्याली. तर आतनं हं म्हणला. म्हटलं, रेडकू झालं. परत हं. मग मी दारातनं बगतोय तर कोन न्हाई. मागाखाली शिरून झोपलाय व्हय तुजा मानूस?”

“असेल,” मी म्हणालो. ताटातला घास तसाच राहिला.

“लय गुणाचा दिसतोय. आमच्या घरात कोन माजं एवढं ऐकत न्हाई.” केरबा हसला, आणि मग ज्यासाठी आला होता ते त्यानं सांगितलं. साताऱ्यात निवृत्त सैनिकांचा मेळावा होता. दुपारी जेवणं, मग करमणूक. शिपायाच्या कथेचं त्यानं आधीच बोलून ठेवलं होतं. “हाल मोठा हाय. बायामान्सं येणार. ह्या बारीला नीट सांग, गड्या. मी पैजंवर शब्द दिलाय.”

मी हो म्हणालो. केरबा गेल्यावर मी बराच वेळ अंगणात उभा होतो. आजवर त्या आवाजाला मी माझ्या डोक्यातला म्हणू शकत होतो. कान वाजतात माणसाचे, एकटं राहिलं की वाजतात. केरबाचे कान वाजत नव्हते. शेडचं दार समोर उघडं होतं आणि आतल्या अंधारात मागांचे सांगाडे दिसत होते. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि जाऊन दार ओढून घेतलं. कडी लावताना आतून काही ऐकू आलं नाही. मी काही बोललो नव्हतो ना.

५

मधे मधे मी आकडे घालतो आहे ते उगाच नाही. कागदावरसुद्धा नुसती मोकळी जागा सोडायला मला आता धीर होत नाही.

पद्मावती परत आली. आई बरी झाली होती, तिनं लेकीला चार लाडू बांधून दिले होते. बुधवारी ती सूप घेऊन शेडमध्ये आली. खोक्यावर टेकली आणि लगेच उठली.

“हितं आत्ता कोन बसलं हुतं?”

“कोणी नाही.”

“खोकं ऊन-ऊन लागतंय की.” तिनं खोक्यावर हात ठेवून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी पत्रा तापतो वगैरे काही बोललो. ती खोकं सरकवून दुसरीकडे, दाराच्या उजेडात बसली आणि मी सुरुवात केली.

मला तिला दाखवायचं होतं की कथा किती सुधारली आहे. ती हुंकार देत होती, मी सांगत होतो, आणि रंगत गेलो. बोळापर्यंत आलो. न ओळखणाऱ्या बाईपर्यंत आलो. हुंकार येत होते. दाराशी आल्यावर मी सहज पद्मावतीकडं बघितलं. तिनं दोन्ही हातांनी तोंडावर पदर दाबून धरला होता. सूप खाली पडलं होतं आणि ज्वारी सगळीकडे सांडली होती.

“बोळ सुरू झाल्यापासनं,” ती म्हणाली, “मी हं म्हटलंच न्हाई.”

आम्ही घरात गेलो. ती चुलीपुढं बसून पाणी प्यायली. मला वाटलं, आता ही म्हणणार, ह्या कथांचा नाद सोडा. ती तसं म्हणाली नाही. माझी बायको आहे ती. घाटावर कुत्रं उठून गेलं तेव्हा सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला ती बसली होती.

“गोष्ट सोडा असं मी म्हणत न्हाई,” ती म्हणाली. “गोष्ट लय चांगली झालीया. तुमी सांगा. पण मधी थांबू नका. जागाच दिऊ नका त्याला.”

मी तसं करून बघितलं. घरात, माजघरात उभं राहून, न थांबता, वाक्याला वाक्य जोडून. पण माणसाला श्वास घ्यावा लागतो. मी श्वास घेतला आणि त्या जागेत ‘हं’ आलं. माजघरात. शेड सोडून थेट घरात. पद्मावतीनं पोळीचं पीठ तसंच टाकलं आणि देवघरात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सुताचा दलाल आला. मी त्याला म्हणालो, “या महिन्यात सूत जरा,” आणि शब्द आठवायला थांबलो. ‘हं,’ माझ्या खांद्यामागून आलं, मी काय म्हणणार हे आधीच कळल्यासारखं. दलाल वळून बघू लागला. मी खोकल्याचं सोंग केलं.

६

साताऱ्याच्या आदल्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. वीज होती, पण मी कामगारांना जेवायला पाठवून माग बंद केले होते. भर दुपार होती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की बास. मी सांगणार नाही, तू ऐकू नकोस. माझा नवस नव्हता, मी कुणाला बोलावलं नव्हतं.

खोकं पुन्हा जुन्या जागी होतं. पद्मावतीनं ते दाराशी नेलं होतं, मी ते तिथंच सोडलं होतं. कामगारांनी सरकवलं असेल, मी म्हटलं. ही सवय कशी जात नाही बघा. माणूस बुडत असताना पाण्याचा रंग कसा हे सांगत बसेल.

माग नुकतेच थांबले होते, म्हणून हवेत कापसाची धूळ तरंगत होती. आढ्यातल्या काचेच्या पत्र्यातून उन्हाचा एक पट्टा खोक्यावर पडत होता आणि त्या पट्ट्यात ती धूळ हळूहळू खाली येत होती. खोक्याच्या वर, बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं, ती खाली येत नव्हती. ती आत ओढली जात होती. थोडा वेळ थांबत होती. मग बाहेर ढकलली जात होती.

मी बघत राहिलो. आत. बाहेर. माझा श्वास मी कधी तिच्याशी जुळवला मला कळलं नाही.

“बास,” मी म्हणालो.

हुंकार आला नाही. धूळ आत ओढली गेली आणि तिथंच राहिली. माझ्या लक्षात आलं की बोलणारा माणूस बोलण्याआधी असाच श्वास भरून घेतो.

“वेशीतल्या पिंपळाखाली,” खोक्यावरून माझा आवाज म्हणाला, “त्यानं ट्रंक खाली ठेवली.”

माझा म्हणजे माझाच. थोडा घोगरा, ‘ट’वर जोर देणारा. तो थांबला. त्यानं जागा सोडली. मी दात आवळून धरले होते, जीभ टाळ्याला लावून ठेवली होती. तरी नाकातून, गळ्यातून, कुठून कसा मला माहीत नाही, माझा हुंकार बाहेर आला.

“हं.”

७

साताऱ्याला जायचं नाही असं मी पद्मावतीला सांगायला गेलो. तोंड उघडलं, आणि ‘सकाळची एसटी धरू’ असं माझ्या आवाजात माझ्या शेजारून कोणीतरी म्हणालं. तिनं मान डोलावली आणि डबा भरायला घेतला.

सभागृह खरोखर मोठं होतं आणि भरलेलं होतं. पांढऱ्या मिशांचे हवालदार, सुभेदार, त्यांच्या बायका, मागं नऊवारीतल्या म्हाताऱ्या. केरबा इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसला होता आणि पद्मावती बायकांत. मी माइकपुढं जाऊन उभा राहिलो. मी ठरवलं होतं की हात जोडायचे, तब्येत बरी नाही अशी खूण करायची आणि खाली उतरायचं. मी हात जोडले. लोकांना तो नमस्कार वाटला.

कथा सुरू झाली. माइकमधून माझा आवाज निघत होता आणि माझे ओठ मिटलेले होते. माइक तोंडापुढं होता म्हणून की काय, एवढ्या माणसांत ते कुणालाच दिसलं नाही. दोन-तीन वाक्यं झाली की तो थांबायचा. मग मी ‘हं’ म्हणायचो. तेवढं माझं काम होतं. न म्हणून बघितलं. छातीत कोंडत गेलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि मग ते आपोआप निघालं.

लोक ऐकत होते. अशी शांतता मी आयुष्यभर मागितली होती. कुणी खोकत नव्हतं. दारातला चहावाला किटली खाली न ठेवता तसाच उभा होता. शिपाई बोळातून चालत दारापाशी आला, त्यानं कडी वाजवली. आई आतून म्हणाली, कोण आहे. तो म्हणाला, मी. आणि मग तो शेवट आला, जो मला कधी सापडला नव्हता.

“आई आतूनच म्हणाली,” माझा आवाज म्हणाला, “उगाच थट्टा करू नका. माझा लेक मघाशीच आलाय. जेवायला बसलाय माझ्यापुढं.”

आवाज थांबला. त्या जागेत सगळं सभागृह श्वास धरून बसलं होतं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा सुभेदार रुमालात तोंड घालून रडत होता. मला ओरडायचं होतं. मी ‘हं’ म्हणालो, आणि टाळ्या सुरू झाल्या.

केरबानं मला मिठी मारली. “लय भारी सांगितलंस, गड्या. काळीज हाललं. आणि ते मधनं मधनं सवताच हं म्हणतोस न्हवं, ते तर लय शोभलं. कराडवाल्यांनी विचारलंय. फलटनचं बी येतंय.”

मी त्याच्या कोटाची बाही घट्ट धरली होती. त्यानं ती हलकेच सोडवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

८

परतीची एसटी मोकळी होती. पद्मावती खिडकीशी बसली होती. कराड मागं पडेपर्यंत ती बाहेरच बघत होती. मला ठाऊक होतं की तिनं ओळखलंय. त्या एका आशेवर मी बसलो होतो. माझा आवाज तिच्याइतका कुणी ऐकलेला नव्हता.

“खरं सांगा,” ती शेवटी हळूच म्हणाली. “आज सांगितलं कुनी?”

मी तिचा हात धरला आणि सगळा जीव एकवटून बोलायला गेलो. मागच्या मोकळ्या बाकावरून, माझ्या मानेशी, माझा आवाज हसला.

“मीच. आणखी कोण?” तो म्हणाला. “बोलक्या बाहुल्यांचा खेळ करतात, ते लोक तोंड न हलवता बोलतात की नाही? तसं शिकत होतो इतके दिवस. शेडमध्येही मीच आणि माजघरातही मीच. तुला आधी सांगितलं असतं तर मजा गेली असती. रागावलीस?”

पद्मावतीनं माझ्या दंडावर जोरात चापट मारली. मग ती रडली आणि मग हसली. “जीव घेतला की वो माजा,” ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेली. तिच्या केसांना सभागृहातल्या गर्दीचा वास येत होता. मागून एक-दोन वाक्यं आली, पाऊसपाण्याची. मी हुंकार दिला.

तेव्हापासून बोलणं माझ्याकडे नाही. कार्यक्रम खूप होतात. लोक लांबून येतात, उठून जात नाहीत, बोळ आला की बायका एकमेकींचे हात धरतात. दलालाशी, कामगारांशी, केरबाशी सगळं नीट बोललं जातं, माझ्यापेक्षा गोडच. लिहिणं तेवढं अजून माझ्या हातात आहे. म्हणून जे घडलं ते, एक अक्षर न सजवता, मी इथवर लिहून काढलं आणि हे कागद पद्मावतीपुढं ठेवले.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून वाचू लागली. मी उभा राहून तिचा चेहरा बघत होतो. शेडच्या भागाशी तिचा श्वास अडकला. बसच्या भागाशी तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. कळलं हिला, मला वाटलं, देवा, कळलं. तिनं शेवटचा कागद खाली ठेवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आवं, आजवरच्या सगळ्यांत ही चांगली,” ती म्हणाली. “मला भ्या वाटलं खरंच. ही सांगा फलटनला.”

मी मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. हात जोडले.

“लाजताय काय? एकदा मला म्हणून तर दाखवा.” तिनं कागद बाजूला सारले, मांडी घालून नीट बसली आणि माझ्याकडं कौतुकानं बघू लागली. “करा सुरू. मी देती हुंकार.”

माझ्या मागं कोणीतरी घसा साफ केला.